मानदुखी, विद्यार्थ्यांमधील

महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांत आढळणारे मानेचे दुखणे आणि त्यामुळे अभ्यासात येणारा व्यत्यय. मानेतील सात मणके आणि भोवतालचे स्नायू सुमारे ५ किलो वजनाचे डोके तोलून धरतात. मान पुढे झुकली की मागचे स्नायू सतत ताणाखाली राहतात. केनेथ हंसराज या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी २०१४ मध्ये मांडलेल्या संगणकीय प्रतिमानानुसार ६० अंशांच्या झुकावात मणक्यांवरील भार सुमारे २७ किलो होतो. मोबाइलच्या वापराशी जोडून हा आकडा वृत्तपत्रांनी पुष्कळ मिरवला. तो जिवंत माणसावर मोजलेला नाही. उलट, ब्राझीलमधील १८ ते २१ वर्षांच्या तरुणांच्या पाहणीत (२०१८) मोबाइल पाहताना वाकणारी मान आणि मानदुखी यांचा संबंध आढळला नाही. सगळा दोष मोबाइलला देणे त्यामुळे घाईचे ठरते. तासन्‌तास न हलता बसणे, अपुरी झोप आणि परीक्षेचा ताण यांचाही विचार करावा लागतो.

मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या आणि चेहऱ्याच्या संवेदना मेंदूच्या तळाशी एकत्र येतात. म्हणून मानेतील वेदना कपाळात किंवा डोळ्यामागे जाणवू शकते आणि वाचन नकोसे होते. रात्री कूस बदलताना मान दुखली की झोपमोड होते, दुसऱ्या दिवशी व्याख्यानात लक्ष लागत नाही.

मानदुखीमुळे येणारा हा व्यत्यय मोजण्यासाठी हॉवर्ड व्हर्नन व सिल्व्हानो मिओर या संशोधकांची दहा प्रश्नांची, ५० गुणांची प्रश्नावली (१९९१) सर्रास वापरतात. तिच्यात वाचन, एकाग्रता, डोकेदुखी व झोप यांवर स्वतंत्र प्रश्न आहेत. साहजिकच, तिच्यात जास्त गुण (म्हणजे जास्त त्रास) मिळालेल्या विद्यार्थ्याला अभ्यास जड जातो हा निष्कर्ष काही अंशी प्रश्नावलीतच दडलेला असतो. शिवाय एकाच वेळी केलेल्या पाहणीवरून दुखण्याने अभ्यास बिघडला, की अभ्यासाच्या ताणाने दुखणे वाढले, हे ठरवता येत नाही. मानदुखीने परीक्षेतले गुण घटतात असे ठामपणे म्हणणे म्हणूनच धाडसाचे आहे.

लॅपटॉपचा पडदा व कळफलक जोडलेले असल्याने मान किंवा खांदे यांपैकी एकाची गैरसोय ठरलेलीच. वसतिगृहातील खाटेवर ती अधिक. वेगळा कळफलक घेऊन पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणणे, अधूनमधून उठणे आणि मान-खांद्यांचे व्यायाम हे सोपे उपाय आहेत. हाताला बधिरपणा किंवा अशक्तपणा, चालताना तोल जाणे, ताप अथवा अपघातानंतरचे दुखणे असल्यास मात्र व्यायामाआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.