संगणकाची स्मृती आणि संचय

गणनक्रिया चालू असताना आज्ञा व आधारसामग्री संगणकाच्या ज्या भागात ठेवलेली असते आणि जेथून केंद्रीय संस्करण विभाग ती थेट उचलतो, त्या भागास स्मृती म्हणतात. काम संपल्यावरही माहिती सांभाळणाऱ्या आणि तिचा वापर करण्यासाठी ती प्रथम स्मृतीत आणावी लागते अशा साधनांस संचय-साधने म्हणतात. वीज गेली की स्मृती पुसली जाते व संचय टिकतो, असा भेद सामान्यतः सांगितला जातो. आजच्या यंत्रांपुरता तो बरोबर असला, तरी इतिहासाच्या दृष्टीने अपुरा आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या मापाने हे जेमतेम १० किलोबाइट होत. ही स्मृती फेराइटाच्या बारीक कड्यांची होती. कडीतील चुंबकनाच्या दिशेवरून शून्य की एक हे ठरे. वाचताच कडीतील नोंद नाहीशी होई व ती लगेच पुन्हा लिहावी लागे. मात्र वीज बंद केल्याने चुंबकन जात नसे. विसरणे हा स्मृतीचा अंगभूत धर्म नव्हे, हे यावरून उघड होते. तरीही आज्ञावली छिद्रित कागदी फितीवर जपाव्या लागत, कारण पुढच्या गणितासाठी तीच अपुरी जागा मोकळी करणे भाग असे. भेद होता तो जागेचा, खर्चाचा आणि वेगाचा. आयबीएम कंपनीच्या १९५६ मधील पहिल्या चुंबकीय तबकडी-संचयात ५० तबकड्यांवर सु. ५० लाख वर्ण मावत. परंतु हवी ती नोंद सापडण्यास सरासरी ०·६ सेकंद लागे. कड्यांच्या स्मृतीस काही मायक्रोसेकंद पुरत.

स्मृती खऱ्या अर्थाने विसराळू झाली ती अर्धसंवाहक चकत्यांमुळे. रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये एकस्व मिळालेल्या रचनेत प्रत्येक द्विमान अंक एका सूक्ष्म धारित्रातील विद्युत् भाराच्या रूपाने राहतो. हा भार झिरपून जात असल्याने काही मिलिसेकंदांच्या अंतराने तो पुन्हा भरावा लागतो. इंटेलने १९७० मध्ये अशी स्मृती बाजारात आणल्यावर स्वस्ताईपुढे फेराइट कड्या मागे पडल्या.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व वाशिम जिल्ह्यासारख्या (स्थापना १ जुलै १९९८) सोयाबीन पिकविणाऱ्या भागातही दिसते. राज्यात २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी बांधावरून आपल्या पिकाची नोंद व छायाचित्र मोबाइल फोनमध्ये भरतो. भरत असलेली माहिती प्रथम फोनच्या स्मृतीत असते. जतन न करता फोन बंद पडल्यास ती जाते. जतन केल्यावर ती फोनच्या संचयात उतरते व वीजघट संपला तरी टिकते. परंतु तेवढ्याने ती सातबाऱ्यावर येत नाही. त्यासाठी ती शासनाच्या मध्यवर्ती संचयात पोहोचावी लागते. त्याआधी फोन हरवला, तर नुकसानभरपाईच्या वेळी उपयोगी पडणारी नोंदच उरत नाही.