वाया गेलेलं मत

निवडणूक आली की आमच्या मंचरात मला एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "गुरुजी, निकाल ठरलेलाच आहे, मग मत कशाला वाया घालवता?" कारण मी बऱ्याचदा पडणाऱ्या उमेदवाराला मत देतो, हे घरी आणि दारी सगळ्यांना ठाऊक आहे. आमची ही तर म्हणते, "तुमचं बोट लागलं की डिपॉझिट गेलंच समजा!"

लोकांचंही चुकत नाही. आंबेगाव मतदारसंघातून दिलीपराव वळसे पाटील १९९० पासून सलग निवडून येत आहेत, आधी काँग्रेसकडून आणि १९९९ पासून राष्ट्रवादीकडून. २०१९ मध्ये त्यांचं मताधिक्य ६६ हजारांहून अधिक होतं. तिथे माझ्या एका मताने काय होणार?

पण थोडं होतं. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं मिळाली तर हरलेल्याचंही डिपॉझिट वाचतं. पक्षाला मान्यता मिळते तीही मतांच्या टक्केवारीवर. म्हणजे हरलेल्याची मतंसुद्धा कुठेतरी मोजली जातात. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 'नोटा' आला. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणला निकाल एकतर्फी लागला, पण दुसऱ्या क्रमांकावर कोणी उमेदवार नव्हता, नोटा होता. त्याला २७ हजारांहून जास्त मतं पडली. आमदार कोण हे त्यामुळे बदललं नाही, पण ती मतं वाया गेली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. राज्यभर त्याची चर्चा झाली.

इथवर माझा युक्तिवाद पक्का होता. मग २०२४ उजाडलं. राष्ट्रवादीचे दोन तुकडे झालेले. वळसे पाटील अजितदादांच्या बाजूला, समोर शरद पवारांच्या पक्षाचे देवदत्त निकम. वळसे पाटील आठव्यांदा निवडून आले, पण फरक होता अवघा १,५२३ मतांचा. निकमांच्या नावाशी जुळणारं नाव असलेला एक अपक्षही रिंगणात होता, आणि त्याला पडलेली मतं या फरकाहून जास्त होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझं मत कोणाला होतं ते सांगणार नाही, मतदान गुप्त असतं हे मीच वर्गात शिकवलं. पण एक गोष्ट लख्ख कळली. इतकी वर्षं मी जे तत्त्व म्हणून मिरवत होतो, त्याला इतरांच्या हजारो मतांचा भक्कम आधार होता. निकाल ते लावत होते, म्हणून मला मनासारखं मत देता येत होतं. आणि 'निकाल ठरलेला आहे' हे आपल्याला कळतं ते मागच्या निवडणुकीवरून, या निवडणुकीवरून नव्हे.

म्हणून लहान पक्षाला मत देऊ नये का? जरूर द्यावं. फक्त बटण दाबताना समजावं, की निकाल या एकाच मतावर अडला आहे. तरीही बोट तिथेच जात असेल, तर ते मत वाया गेलं असं कोणी म्हणू नये.

असो. आमची ही हे वाचून म्हणाली, "म्हणजे पुढच्या वेळीही डिपॉझिट जाणार तर!"