‘फक्त रहिवाशांसाठी’ : डिअरबॉर्नची उद्याने आणि मालकीची भाषा

मागच्या उन्हाळी सुट्टीत वस्तीतल्या अभ्यासिकेची वीस-बावीस मुले घेऊन आम्ही जवळच्या नव्या टॉवरसमोरील बागेत गेलो होतो. बाग महापालिकेच्या जागेवर, देखभाल मात्र सोसायट्यांकडे. फाटकावरच्या वॉचमनने आमची जात विचारली नाही. त्याने एवढेच विचारले, "कुठल्या बिल्डिंगचे?" मुलांनी वस्तीचे नाव सांगितले आणि आम्ही बाहेरच राहिलो. परतताना एका मुलीने विचारले, "दादा, बिल्डिंगचं नाव खोटं सांगितलं असतं तर सोडलं असतं का आपल्याला?"

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर अमेरिकेतील एका उपनगराचा इतिहास आपण वाचला पाहिजे.

मिशिगन राज्यात डेट्रॉईट शहराला लागून डिअरबॉर्न नावाचे शहर आहे. फोर्ड कंपनीचे मुख्यालय आणि रूज नदीवरचा तिचा अवाढव्य कारखाना तिथलाच. या कारखान्यात हजारो कृष्णवर्णीय कामगार राबले. पण डिअरबॉर्नमध्ये त्यांना घर मिळत नव्हते. ते डेट्रॉईटमध्ये किंवा शेजारच्या इंक्स्टरमध्ये राहत. घाम डिअरबॉर्नमध्ये गाळायचा आणि मुक्काम वेशीबाहेर! गावकुसाबाहेरच्या माणसाला ही व्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

१९४२ ते १९७८ अशी छत्तीस वर्षे ऑर्व्हिल हबर्ड हे या शहराचे महापौर होते. आपण संपूर्ण वर्णविभाजनाच्या बाजूचे आहोत, असे त्यांनी १९५६ मध्ये अलाबामातील एका वृत्तपत्राला उघडपणे सांगितले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कृष्णवर्णीय कामगारांसाठी सरकारी घरे बांधण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांनी कडाडून विरोध केला. त्यांच्या काळात ‘डिअरबॉर्न स्वच्छ ठेवा’ ही घोषणा शहरभर मिरवत होती. ‘स्वच्छ’ म्हणजे ‘गोरे’, हे सगळ्यांनाच कळत होते. स्वच्छतेच्या आड शुद्धता लपवण्याची ही कला आपल्याकडेही नवीन नाही.

याच हबर्डनी गोऱ्या नागरिकांसाठी काय केले, हेही नोंदवले पाहिजे. फोर्डच्या करातून तिजोरी भरलेली होती. १९४८ मध्ये शहराने सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटर दूर जमीन घेऊन ‘कॅम्प डिअरबॉर्न’ उभारला. तळी, तंबू, पोहणे, सहली असे सगळे तिथे होते आणि ते डिअरबॉर्नचे रहिवासी व त्यांच्या पाहुण्यांसाठी होते. पुढे शहराने आपल्या ज्येष्ठ रहिवाशांसाठी थेट फ्लोरिडात एक इमारतही घेतली. म्हणजे सार्वजनिक पैशातून विरंगुळा कसा उभा करायचा, हे या शहराला उत्तम कळत होते. फक्त ‘सार्वजनिक’ या शब्दात कोण बसतो, हे आधीच ठरलेले होते.

हबर्ड गेले, व्यवस्था राहिली. १९८० च्या जनगणनेत डिअरबॉर्नच्या सुमारे ९० हजार लोकसंख्येत कृष्णवर्णीय शंभरसुद्धा नव्हते, आणि रस्त्यापलीकडच्या डेट्रॉईटमध्ये ते बहुसंख्य होते. तिकडची कुटुंबे सुट्टीच्या दिवशी डिअरबॉर्नच्या उद्यानांत येऊ लागली, तशी तक्रारींची ओरड सुरू झाली. नोव्हेंबर १९८५ मध्ये मतदारांनी कौल देऊन एक नियम मंजूर केला : शहरातील बहुतेक उद्याने फक्त रहिवासी आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी.

या नियमात वर्णाचा उल्लेख कुठेही नव्हता. नियमाचे समर्थक म्हणत, "आमच्या कराचा पैसा, आमची उद्याने. यात वंशवाद कुठे आला?" पण शहरात कोण राहणार याची चाळण आधीच लागलेली होती. ज्याला घरच मिळू दिले नाही, त्यालाच नंतर विचारायचे, ‘तू इथला रहिवासी आहेस का?’ पहिला अन्याय दुसऱ्या अन्यायाचा पुरावा म्हणून वापरायचा, ही त्यातली खरी चलाखी आहे. त्याच वर्षी महापौरपदाचे उमेदवार मायकेल गिडो यांनी घरोघरी पाठवलेल्या पत्रकाच्या शीर्षकातच शहराची उद्याने आणि ‘अरब प्रश्न’ एकत्र जोडलेले होते. ते निवडूनही आले. बाग हा किती राजकीय विषय आहे, हे यावरून समजावे.

एन.ए.ए.सी.पी. या संघटनेच्या डेट्रॉईट शाखेने याविरुद्ध दुहेरी लढा दिला. या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक होते डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ज्यांना पत्र लिहिले होते, तेच हे ड्यु बॉइस. शाखेने डिअरबॉर्नच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला. ‘बहिष्कार’ हा शब्द आपल्या समाजाने पाठीवर झेलला आहे. हक्क मागितला की किराणा बंद, मजुरी बंद. तिथे शोषितांनी तेच हत्यार उलटे फिरवले. आमचा माणूस बागेत नको असेल, तर आमचा पैसाही तुमच्या बाजारात येणार नाही!

दुसरी आघाडी न्यायालयाची होती. १९८६ मध्ये स्थानिक न्यायालयाने नियम रद्द केला आणि १९८८ मध्ये मिशिगनच्या अपील न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. कृष्णवर्णीयांवर होणारा भेदभावाचा परिणाम न्यायालयाने पाहिला. शिवाय बाकावर बसलेला माणूस रहिवासी आहे की नाही, हे पोलीस कशावरून ओळखणार? सगळ्यांना थांबवून ओळखपत्र मागता येत नाही. मग थांबवले कोणाला जाणार? ज्याच्या कातडीचा रंग वेगळा त्याला. कागदावर नसलेला वर्ण फाटकावर हजर होतो, तो असा.

आता महाडकडे या. १९२३ चा बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला, तरी तळे बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर विरोधक न्यायालयात गेले, तेव्हा त्यांनी केवळ विटाळाची भाषा केली नाही. हे तळे सार्वजनिक नाही, खाजगी मालकीचे आहे, असा त्यांचा दावा होता. दहा वर्षांनी, १९३७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात ते हरले. विटाळ सांगता येईनासा झाला की मालकी पुढे येते. डिअरबॉर्नच्या साठ वर्षे आधी महाडने हे पाहिले होते.

म्हणूनच संविधानाचा अनुच्छेद १५(२) आपण पुन्हा वाचला पाहिजे. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या जोडीला राज्याच्या पैशातून चालणाऱ्या किंवा जनतेच्या वापरासाठी असलेल्या सार्वजनिक जागाही त्यात आहेत. बाग त्यातच येते. आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, नोकरी-शिक्षणाचे प्रश्न पेटलेले असताना बागेचे काय घेऊन बसलात? पाणी तर महाडला दुसरीकडेही मिळत होते. लढा तहानेपुरता नव्हता, माणूस म्हणून बरोबरीने वावरण्याचा होता.

तेव्हा कामाला लागू या. आपल्या भागातल्या बागेची जमीन कोणाची, विकास आराखड्यात तिचे आरक्षण काय, देखभालीचा करार कोणाशी आणि कोणत्या अटींवर, हे माहितीच्या अधिकारात मागवा. आम्ही आमचा अर्ज टाकला आहे.

आणि त्या मुलीला आम्ही उत्तर दिले : कदाचित सोडलेही असते, पण आपण खोटे नाव सांगून आत जाणार नाही. वस्तीचे नाव सांगूनच जाऊ.

जय भीम!