होडीवरील सावली

आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवी स्मरणिकेंत देवळाचा, शाळेचा व वेशीवरील क्रुसांचा इतिहास इतरांनीं लिहिला आहे. आम्हीं एका लहानशा वस्तूची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. ती वस्तु म्हणजे मासेमारीच्या होडीवर ताणलेलें उन्हाचें छत. आज बंदरावर उभें राहिलें, तर अनेक होड्यांवर ताडपत्री दिसते. आपल्या आजोबांच्या होडीवर ती नव्हती. ती कां नव्हती व पुढें कशी आली, हें समजून घेणें निव्वळ कुतूहलाचें काम नव्हे. त्यांत जिवाचा प्रश्न आहे.

पूर्वकालीं सावली हें मोठेपणाचें चिन्ह होतें. लिन्शोटेन ह्या डच प्रवाशाचा ग्रंथ १५९६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील चित्रांत गोव्याचे पोर्तुगीज प्रतिष्ठित लोक चाकरानें धरलेल्या छत्रीखालून चालतांना दिसतात. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई त्याच सत्तेखालीं होती. परंतु कोळ्याच्या होडीवर छत नव्हतें ह्याचें कारण केवळ गरिबी नव्हे. खरें कारण शीड होय.

बंगालच्या नद्यांतील नावांवर बांबूच्या चटईचें कमानदार छप्पर फार जुन्या काळापासून आहे. नदींत वल्हें, बांबू व दोर ह्यांवरहि नाव चालते. आपली होडी मात्र समुद्रांतील वाऱ्यावर चाले. तिचें तिकोनी शीड परबाणाला, म्हणजे एका लांब तिरप्या वाशाला, बांधलेलें असे. वारा दुसऱ्या बाजूस घेण्याच्या वेळीं तें परबाण डोलकाठीच्या पुढून फिरवावें लागे, व शिडाचा दोर मोकळा ठेवावा लागे. मध्येंच छप्पर असतें, तर शीड त्यांत अडकलें असतें.

मग सावली मुळींच नव्हती काय? होती, पण ती थांबलेल्या होडीवर. डोल जाळें पाण्याच्या ओढीवर पसरतें, व ओढ मंदावल्याशिवाय तें उचलतां येत नाहीं. भरतीओहोटीचा पालट सुमारें सहा तासांनीं होतो. तोंवर वाट पाहणें भाग. अशा वेळीं शीड उतरवावें, तेंच आडव्या परबाणावरून सोडावें व खालीं बसावें, असें आमच्या लहानपणीं वृद्ध तांडेल सांगत. वारा उठला कीं तीच सावली पुन्हां शीड होई.

१९५१ सालीं पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. पुढील दशकांत सरकारी साहाय्यानें होड्यांवर यंत्रें बसूं लागलीं. शिडाची गरज सरली, व होडीचा मधला भाग मोकळा झाला. त्याच सुमारास नवें कापडहि आलें. १९३३ सालीं इंग्लंडांतील एका रासायनिक कारखान्यांत पॉलिथीन अकस्मात् हातीं लागलें होतें. आजची स्वस्त ताडपत्री त्याचीच. नांवांत ताड राहिला आहे, पण पानाशीं तिचा कांहीं संबंध उरलेला नाहीं.

सावली मिळाली, पण जुनी सावधगिरी सुटली. आमच्या ओळखीच्या एका नाखव्यानें लोखंडी नळ्यांचें उंच छत होडीवर कायमचें जखडलें. एके दिवशीं दुपारीं अवचित वावटळ आली; छत शिडासारखें फुगलें; तें उतरवावें कसें हें कोणास सुचेना, व होडी कलंडली. तिघेहि पोहून वांचले, ही परमेश्वराची कृपा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा दाब चौपट होतो. छत जितकें उंच, तितकी होडी उलथविण्याची त्याची शक्ति अधिक.

म्हणून छत निवडतांना चार गोष्टी पाहाव्या. तें बसलेल्या माणसाच्या डोक्याहून फार उंच नसावें. काठ्या हलक्या असाव्या. कापड फिकट रंगाचें व बाजू मोकळ्या असाव्या, म्हणजे वारा खालून जाईल व सुकाणावरील माणसाची नजर अडणार नाहीं. आणि दोर सुरगांठीनें बांधावे, म्हणजे एका हिसक्यांत सुटतील. ऊन पाण्यावरून उलटूनहि येतें. यास्तव छताखालींहि टोपी व लांब बाह्यांचा सदरा सोडूं नये. प्लॅस्टिकचें कापड उन्हानें कुजतें. तें चुरगळूं लागतांच बदलावें.

आपल्या वाडवडिलांनीं पुस्तकें लिहिलीं नाहींत. परंतु जी सावली क्षणांत उतरवितां येत नाहीं ती होडीवर नसावी, हें ज्ञान त्यांच्या हातांत होतें. ते तांडेल आतां थोडे उरले आहेत. तरुणांनीं त्यांच्यापाशीं बसून दोराच्या गांठी शिकून घ्याव्या, एवढीच ह्या महोत्सवी वर्षीं आमची विनंती आहे.