ऑपरेशननंतर पाच दिवस अँटिबायोटिक खरंच लागतं का?

छत्रपती संभाजीनगरला मराठवाड्यातून लोक ऑपरेशनसाठी येतात. कुणी घाटीत दाखल होतं, कुणी खासगी दवाखान्यात. नातेवाईकांची धास्ती मात्र सगळीकडे सारखीच असते: जखम पिकणार तर नाही ना? मग 'स्ट्राँग' इंजेक्शनं आणि पाच-सात दिवसांचा कोर्स मिळाला की जिवाला बरं वाटतं.

पण संसर्ग टाळण्यासाठी दिलेल्या अँटिबायोटिकचं खरं काम ऑपरेशन टेबलवरच होतं. चीर दिल्यापासून टाके पडेपर्यंत त्वचेवरचे किंवा आतड्यातले जंतू जखमेत शिरू शकतात. तेवढ्या वेळात औषध तिथे आधीच पोहोचलेलं हवं. म्हणूनच सेफॅझोलिनसारखं इंजेक्शन साधारणपणे चीर देण्याआधीच्या तासाभरात देतात. ऑपरेशन चार तासांच्या पुढे गेलं किंवा खूप रक्त गेलं, तर आणखी एक डोस.

वेळ किती महत्त्वाची, हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीतल्या २,८४७ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं. चीर देण्याआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांपैकी ०.६ टक्के जणांच्या जखमेत संसर्ग झाला. चीर दिल्यावर तीन तास उलटून गेल्यावर औषध मिळालेल्यांत हेच प्रमाण ३.३ टक्के होतं. औषध दोघांनाही मिळालं, फक्त उशिरा आलेलं फारसं कामी आलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं: केवळ प्रतिबंध म्हणून अँटिबायोटिक ऑपरेशननंतर चालू ठेवू नये. जखमेत नळी ठेवली आहे, एवढ्या कारणासाठीही नाही. जादा डोसांनी जुलाब, अ‍ॅलर्जी, किडनीला त्रास होऊ शकतो. शिवाय औषधाला दाद न देणारे जंतू वाढतात आणि पुढच्या खऱ्या संसर्गाला तेच औषध निरुपयोगी ठरतं.

प्रत्येक ऑपरेशनला अँटिबायोटिक लागतंच असंही नाही. चरबीची छोटी गाठ काढताना सहसा गरज नसते. सिझेरियन, आतड्याचं ऑपरेशन, गुडघा बदलणं यांत मात्र ते हवंच.

अपेंडिक्स फुटलं असेल, पोटात पू असेल, तर तो प्रतिबंध नव्हे, उपचार असतो. तिथे काही दिवसांचा कोर्स लागतो आणि तो स्वतःच्या मनानं बंद करणं महागात पडू शकतं. त्यामुळे डिस्चार्जच्या वेळी चिठ्ठीवर अँटिबायोटिक दिसलं, तर डॉक्टरांना सरळ विचारावं: हे संसर्ग झालाय म्हणून दिलंय, की होऊ नये म्हणून?