शेवटचं गाणं का फाटतं?

रेकॉर्डचं शेवटचं गाणं लागलं की मी ‘स’ आणि ‘श’ची वाट बघतो. तिथेच आवाज फाटतो. थोडा दोष आतल्या दाटलेल्या खाचेचा, थोडा टोनआर्मचा. मूळ खाच कोरणारी सुई सरळ रेषेत आत सरकते. खिळीवर फिरणारा आर्म मात्र कमानीत जातो. १९२४ मध्ये पर्सी विल्सन यांनी गणित मांडलं: आर्म कोनात वळवा, थोडा पुढे काढा. चूक घटते, पण पूर्ण मिटते दोनच जागी. एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर हा प्रश्नच नव्हता, सुई सरळच सरकायची! १९७२ च्या बिओग्राम ४००० नं आर्म पुन्हा सरळ रेषेत चालवला, त्यासाठी मोटर आणि सेन्सर लावून. म्हणजे बिघडायच्या जागाही वाढल्या. माझा आर्म वळणारा आहे. स्क्रू-ड्रायव्हरनं जुळवता येतो.