कुंडीतील बाग आणि मुंबईचा पाऊस

मृगाच्या सरी कोसळल्या की गच्चीवरची आणि खिडकीतली झाडे तरारून उठतात, आणि आता बागेची चिंता मिटली असे वाटू लागते. परंतु मुंबई-कोकणासारख्या अतिपावसाच्या प्रदेशात कुंडीतील झाडांची खरी परीक्षा उन्हाळ्याइतकीच पावसाळ्यातही होते.

मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातील एक-तृतीयांशाहून अधिक एकट्या जुलैत. म्हणजे उघड्या गच्चीवरील एक फूट व्यासाच्या कुंडीत चार महिन्यांत सुमारे १४० लिटर पाणी पडते. ते बाहेर जाण्यास वाट एकच, तळाचे भोक. ते बुजले की मातीच्या कणांमधील हवेची जागा पाणी घेते. मुळे गुदमरतात आणि कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही, त्यामुळे ओल्या मातीतही झाड मान टाकते. घोटाळा होतो तो इथेच. झाड तहानलेले आहे असे समजून आपण आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळेही गमावतो. म्हणून पाने कोमेजलेली दिसताच प्रथम बोटाची दोन पेरे मातीत खुपसून पाहावीत. माती ओली असल्यास कुंडी आडोशाला न्यावी व पाणी पूर्ण बंद करावे.

मेअखेरीस कुंड्यांची भोके मोकळी करून घ्यावीत आणि कुंड्या विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवाव्यात. खालच्या ताटल्या काढाव्यात. त्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्या-दहा दिवसांत तयार होतो. कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याची आपल्याकडील जुनी पद्धत मात्र फारशी उपयोगाची नाही. बारीक माती पूर्ण भिजल्याखेरीज तिच्यातील पाणी खालच्या भरड थरात उतरत नाही. उलट चिखलाचा पट्टा मुळांच्या अधिक जवळ येतो. त्यापेक्षा भोकावर खापरीचा एकच तुकडा पालथा ठेवावा आणि मातीच मोकळी करावी. लाल माती, चांगले कुजलेले शेणखत व जाडसर वाळू समभाग घ्यावी. वाळूऐवजी भाताचे तूसही चालते.

सततच्या पावसात मातीतील नत्र वाहून जाते व पाने पिवळी पडतात. अशा वेळी पावसाने उघडीप दिली की मूठभर कंपोस्ट द्यावे. रासायनिक खत एका सरीतच धुऊन जाते. निवडुंग, अडेनियम, गुलाब हे छपराखाली असलेले बरे, आणि तुळसही. वृंदावन अंगणात भिजत ठेवण्याच्या हौसेपायी तिची मुळे कुजतात. याउलट अळू, आले, हळद, सोनटक्का, तेरडा यांना हाच ऋतू मानवतो. शंखी गोगलगायींसाठी संध्याकाळी ओले गोणपाट पसरावे. सकाळी त्याखाली त्या एकत्र सापडतात. त्या उघड्या हातांनी उचलू नयेत.

नारळी पौर्णिमेनंतर पावसाचा जोर सहसा ओसरतो, पण बी पेरण्याची घाई करू नये. झेंडू, टोमॅटो यांची कोवळी रोपे दमट हवेत मातीलगत कुजून आडवी होतात. सप्टेंबरच्या अखेरीस, आडोशाला आणि विरळ पेरणी करावी. हस्ताच्या सरी अवचित येतात, हे विसरू नये.

ऑक्टोबर सर्वांत फसवा. चार महिने पाणी घालण्याची सवय सुटलेली असते आणि पाऊस थांबताच ऊन कडाडते. पंधरवड्यात पाण्याचे वेळापत्रक पूर्ण उलटे होते. गुलाबाची छाटणी याच सुमारास करावी, म्हणजे साधारण दीड महिन्याने फुले येतात. छपराखालची झाडे मात्र एकदम उघड्यावर आणू नयेत; पहिला आठवडाभर त्यांना फक्त सकाळचे ऊन द्यावे.